पायावर पाणी

१९८३चा उन्हाळा. लातूर जिल्हा होऊन वर्षही झालं नव्हतं आणि आमच्या चाकुरात प्यायला पाणी नव्हतं. त्याच वैशाखात आमचे हे, धोंडप्पा, आणि त्यांचे सोबती अमृतराव अन् भुजंग काश्मीर ते कन्याकुमारी सायकलवर फिरून सात महिन्यांनी परतले. वेशीत हलगी वाजली.

घरात सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या. लेकाला एकदा डोळ्यांनी बघायचं, म्हणून जीव धरून होत्या. दुरून आलेल्याच्या पायावर पाणी घालूनच त्याला आत घ्यायचं, ही आमची रीत. पण घरातला शेवटचा तांब्या मी सकाळीच सासूबाईंना पाजला होता.

मी म्हणाले, "या तसेच आत."

आतून सासूबाईंचा बारीक आवाज आला, "न्हाई! पायावर पानी पडल्याबिगर उंबरा वलांडायचा न्हाई, धोंडू. सात म्हैने थांबले, अजून घटकाभर थांबते."

हे दारातूनच हसले. "अगं माय, कन्याकुमारी करून आलो, आपली विहीर किती लांब हाय? हा गेलो अन् हा आलो." कॅरिअरला घागर बांधून ते निघाले. विहिरीवर गावभराची रांग होती.


अमृतराव पुढे नव्या जिल्ह्याच्या कचेरीत कारकून झाले, भुजंगनं मुदखेडला सायकलचं दुकान टाकलं, हे पुन्हा कधी सायकलवर बसले नाहीत, आणि ती भरून आणलेली घागर सासूबाईंच्या शेवटच्या आंघोळीला लागली.