एसांजाची बडबड

पांढऱ्या पाठीचा म्हातारा गोरिला नर शांतपणे पानं चघळत बसला होता. आपण आलोय हे त्याला कळावं म्हणून वाटाड्या मोंडुका जिभेने टक् टक् करत पुढे सरकत होता. मागे अभ्यासाला आलेली परदेशी बाई, तिच्यामागे मोंडुकाची मेहुणी एसांजा.

"दाजी, काय हा वास," एसांजा हळूच म्हणाली. "नाक जळतंय माझं. म्हातारा कुणावर तरी चिडलाय."

मोंडुकाला कसलाच वास येत नव्हता. तरी तो जागीच थांबला आणि त्याने बाईला खाली बसवलं.

तेवढ्यात उजवीकडच्या झाडोऱ्यात एक परका नर दिसला. म्हातारा उठला आणि फांद्या मोडत त्याच्यावर धावला, तो या तिघांच्या पुढ्यातूनच. मोंडुका आणखी चार पावलं गेला असता तर मधेच सापडला असता.

दोन्ही नर दिसेनासे झाल्यावर बाईने कापऱ्या आवाजात विचारलं, "तुम्हाला आधीच कसं कळलं?"

"वासावरून," एसांजाने परस्पर सांगून टाकलं. "आमच्या दाजींचं नाक म्हणजे काय समजलात."

बाईला तळावर सोडून दोघं वस्तीकडे निघाले. गेल्या पावसाळ्यातल्या तापापासून मोंडुकाला वास येणंच बंद झालं होतं. काम जाईल म्हणून त्याने हे कुणालाच सांगितलं नव्हतं, बायकोलाही नाही. तेव्हापासून एसांजा मात्र वाटेने सारखी बोलायची: इथे हत्ती मुतलाय, तिकडे फळं पिकलीत. मेहुणी बडबडी झाली, एवढंच त्याला वाटलं होतं.

"तुला कधी कळलं?"

"तुम्ही सडका मासा चाटूनपुसून खाल्लात आणि वर आणखी मागितलात, तेव्हा."

मोंडुका हसला.

"एसांजा, तू नसतीस तर आज..."

"पुरे. मध मिळाला की मोठा वाटा माझा."

"सगळाच तुझा." थोडं चालून गेल्यावर त्याने चाचरत विचारलं, "एक सांगशील? आमची धाकटी तापानंतर झाली. तिच्या टाळूला वास कसा येतो गं?"

एसांजा थांबली.

"दुधाचा," ती म्हणाली. "थोडा धुराचा. आणि मानेपाशी, दाजी, तुमचा."