गेलेल्यांचा प्याला

"...आणि माझा भाऊ अघासी," वाहराम म्हणाला आणि त्यानं प्याला ओठांना लावला.

टेबलाभोवतीचे हात हवेतच थांबले. वाहरामच्या नातवाच्या बाप्तिस्म्याचं जेवण होतं. हा प्याला गेलेल्यांचा. आमच्या ग्युमरी गावात पंगतीचा म्होरक्या, तमादा, उभा राहून घरातल्या गेलेल्या माणसांची नावं घेतो आणि सगळे गुपचूप पितात. वाहरामनं आधी बापाचं नाव घेतलं, मग काकाचं. तिसरं नाव घेतलं ते धाकट्या भावाचं. अघासी तर परदेशात, क्रास्नोदारला इमारतींवर गवंडीकाम करत होता.

"अरे, आयुष्य वाढलं त्याचं!" बाळाचा धर्मपिता सेद्राक मोठ्यानं हसला. "आता तो आपल्या सगळ्यांना पोचवूनच जाईल."

दोघंचौघं हसले. वाहरामची बायको वार्दुश मात्र उठली. "जिवंत दिराला मातीत घातलंस! तेही आईंच्या देखत!"

वाहरामनं आईकडे पाहिलं. टेबलाच्या टोकाला म्हातारी सातेनिक ताऱ्हूनच्या, त्या वासाच्या पाल्याच्या, काड्यांची पानं खुडत होती. तिनं मान वर केली नाही.

"चुकलो," तो पुटपुटला. "जीभ घसरली."

जीभ उन्हाळाभर घसरत होती. वाहराम न्हावी होता. अख्ख्या गल्लीचे वाढदिवस, तरण्या पोरांच्या भानगडी आणि म्हाताऱ्यांचे आजार त्याच्या डोक्यात असत. म्हणून तर तमादाचा मान दर वेळी त्याच्याकडे येई. तोच वाहराम हल्ली गिऱ्हाइकाचा एक गाल करून दुसरा विसरायचा. चुलीवर कॉफी ठेवून अंगणात निघून जायचा आणि तिथं नुसत्या येरझाऱ्या घालायचा. फोन वाजला की दचकायचा. म्हातारीचंही तेच, असं वार्दुशला वाटे. पूर्वी ती रोज विचारायची, "अघासीचा फोन आला का?" वसंतापासून तिनं विचारणंच सोडलं होतं.

वार्दुशचा संशय गोळ्यांवर होता. वाहरामच्या घराण्यात पिढीजात ताप होता, बापाकडून लेकाला येणारा. अचानक चढायचा, पोटात सुऱ्या फिरायच्या, तीन दिवसांनी उतरायचा. गोळ्या यायच्या आधी डॉक्टर अपेंडिक्स समजून पोट उघडत. त्या काळी आमच्या गल्लीतली पोरं नदीवर पोहायला उतरली की निम्म्यांच्या पोटावर तो एकच व्रण दिसे. आम्हा मुलींना वाटायचं, मुलग्यांची पोटं अशीच असतात. वाहरामनं मात्र तरुणपणापासून त्या तापावरची कोल्चिसिनची गोळी कधी चुकवली नव्हती. एवढ्या वर्षांच्या विषानं डोकं पोखरलं नाही तर काय होणार?

म्हणून तिनं त्याला राजधानीत, येरेवानला नेलं होतं. तिथं एक डॉक्टरीणबाई हा ताप असलेल्या मोठ्या माणसांची स्मरणशक्ती तपासत. त्यांनी वाहरामकडून कागदावर घड्याळाचं चित्र काढून घेतलं, शंभरातून सात-सात वजा करायला लावले, शब्द वाचून दाखवले आणि थोड्या वेळानं परत विचारले. मध्ये तो दोनदा खिडकीशी जाऊन आला. पण शब्द त्यानं सगळे सांगितले.

"डोकं शाबूत आहे," बाई म्हणाल्या. "गोळ्या सोडू नका. झोप का लागत नाही? मनात काही आहे का?"

वाहरामनं वार्दुशकडे पाहिलं आणि म्हणाला, "काही नाही."

आता भरल्या पंगतीत वार्दुशनं खुर्चीवरच्या त्याच्या कोटात हात घातला आणि गोळ्यांची डबी काढली.

"शाबूत म्हणे! सख्खा भाऊ जिवंत की मेला ते कळत नाही, आणि डोकं शाबूत! बस झालं. तुझ्या भावाकडे बघ. त्यानं दोन वर्षांपूर्वी टाकल्या ना गोळ्या? पोट बिघडतं म्हणाला आणि फेकून दिल्या. बैलासारखा राबतोय!"

वाहरामचा चेहरा पांढराफटक पडला. त्याचे ओठ हलले. त्यानं पुन्हा आईकडे पाहिलं आणि ओठ मिटून घेतले.

"बोल की! ठेवू का फेकू?"

"फेक," तो म्हणाला. "तू म्हणतेस तसं. फेक."

"शाबास!" सेद्राक प्याला घेऊन उठला. "आता अघासीच्या तब्येतीसाठी एक होऊन जाऊ दे!"

वार्दुश डबी उघडून चुलीकडे निघाली. मागून म्हातारीचा आवाज आला, अगदी हळू.

"बस खाली, सेद्राक." तिनं हातातली काडी ताटात ठेवली. "नाताळात अघासी फोनवर म्हणाला होता, बूट पायात जात नाहीत. याच्या बापाचे पायही जाण्याआधी असेच सुजले होते, तापानं मूत्रपिंडं खाल्ली तेव्हा. मग ईस्टरला अघासीचा फोन आला नाही." तिनं वाहरामचा हात धरला. "तुला तिकडून कळलं, पण मला सांगायला धजला नाहीस ना, लेकरा? नाव बरोबर जागी घेतलंस तू."

मग ती सुनेकडे वळली.

"त्या गोळ्या त्याला परत दे, वार्दुश. माझ्या एका लेकानं टाकल्या, तेवढं पुरे झालं."