मधलं चित्र

"छत्री. कंदील. कासव." डॉक्टर मॅडम एकेक चित्र पुढे करत होत्या आणि सहा वर्षांची मिथिला न अडखळता नावं सांगत होती. मॅडमच्या पाठीमागे खुर्चीवर बसलेल्या तिच्या आईचे ओठही सोबत हलत होते.

मिथिला सातव्या महिन्यात जन्मलेली. अशी मुलं पुढे कशी वाढतात याचा हॉस्पिटलात अभ्यास चालला होता, त्यासाठी दरवर्षी बोलावणं यायचं. चित्रं तीच, क्रमही तोच. सासूच्या तोंडचं 'सातमाशी' एकदाचं बंद व्हावं म्हणून आईने यंदा घरी तशीच चित्रं काढून सगळं घोकून घेतलं होतं. पोर अडली की ती ओठ हलवून दाखवायची.

"छान! कुठेच मागे नाही ही," मॅडम खूश झाल्या. "आता बोलण्याची थेरपी बंद करू. तिची जागा दुसऱ्या मुलाला देता येईल."

आई खुर्चीत पुढे सरकली. त्या थेरपीमुळेच तर मिथिला दोन शब्द जोडायला लागली होती.

"मॅडम, तिला काही येत नाही हो! मीच पाठ करून घेतलंय. मधलंच एखादं विचारा, चुकेल ती."

मॅडमनी गठ्ठ्यातून मधलंच एक चित्र काढलं; काढताना ते मागे बसलेल्या आईलाही दिसलं. मिथिला गोंधळली. तिने मॅडमच्या खांद्यावरून आईकडे पाहिलं. आईचे ओठ सवयीने हलले.

"किल्ली!" मिथिला आनंदाने ओरडली.

"बघा," मॅडम हसल्या. "आईलाच लेकीचं कौतुक नाही."