उत्तरेची खिडकी

"ही दक्षिण बाजू हाय की! उत्तर कशाला लिवलंयस?" वर्षाराणीनं पडल्यापडल्याच कागदावर बोट ठेवलं.

घराचा नकाशा काढणारी सबिना कॉटच्या कडेला बसली. नव्या घराच्या बाहेरच्या चारही भिंतींची चित्रं तिनं पुन्हा दुरुस्त करून आणली होती.

"वहिनी, भिंतीचं तोंड ज्या दिशेला, त्या दिशेचं नाव चित्राला द्यायचं. ह्या भिंतीचं तोंड उत्तरेला, म्हणून उत्तर बाजू."

"आन् बघणारा? त्यो भाईर उभा ऱ्हाणार. त्याचं तोंड दक्षिणेला."

"बघणाऱ्याचं तोंड धरत नाहीत."

"का? त्यो माणूस न्हाय व्हय?"

दारात उभा असलेला वर्षाराणीचा नवरा जोतीराम हसला. "म्युन्सिपाल्टीचा सायब बी एवढ्या चुका काढत न्हाय, मॅडम."

"तुमी गप बसा. तुमाला सोताचा चष्मा गावत न्हाय," वर्षाराणी म्हणाली. हसताना तिला धाप लागली. नवऱ्यानं पुढं होऊन तिची उशी वर सरकवली.

तिला एकच हवं होतं. अंथरुणावरून बाहेर दिसेल अशी कमी उंचीवरची खिडकी, आणि तिच्यातून डावीकडं जोतिबाचा डोंगर. सबिनानं ती उत्तरेच्या भिंतीत काढली होती. नावावरून वाद घालून वर्षाराणीनं ती दक्षिणेला न्यायला लावली. तिकडून डोंगर दिसत नाही म्हटल्यावर परत उत्तरेला. आज पुन्हा दक्षिणेला.

सबिना कागद गुंडाळून निघाली. जोतीराम तिच्यामागून जिन्यापर्यंत आला.

"हे कुठवर चालायचं, भाऊ?" तिनं आवाज खाली घेतला.

घरासाठी घेतलेला प्लॉट दिवाळीतच विकला गेला होता. औषधपाण्याला दुसरं काही उरलं नव्हतं. जोतीरामनं हे सबिनाला पहिल्याच भेटीत सांगितलं होतं. कागलच्या कारखान्यातून सुटला की तो बायकोजवळ बसून त्या घराबद्दलच बोलायचा.

"डाक्टरांनी हात टेकल्यात," तो म्हणाला. "प्लॉट इकल्याचं तिला कळता कामा न्हाय, बास. नकाशा पुरा झाला की ती पाया कवा काढायचा इचारंल. त्या दिवसाचंच भ्या वाटतंय मला."

पुढच्या वेळी सबिना आली तेव्हा जोतीराम औषधाच्या दुकानात गेला होता. वर्षाराणी आणखी वाळली होती. निदान कागदावर तरी खिडकी तिच्या डोंगराकडं असावी, असं सबिनाला वाटत होतं. तिनं उशाजवळचं गोळ्यांचं रिकामं खोकं उचललं.

"वहिनी, हे घर समजा. उत्तर इकडं. आता एकदाच नीट बघा."

वर्षाराणीनं खोकं घेतलं. सबिनाच्या हातातलं पेन घेतलं. खोकं फिरवत तिनं चारही बाजूंवर दिशा लिहिल्या. ती कुठं अडली नाही. चारही बरोबर होत्या.

"तुम्हाला कळतंय?" सबिना म्हणाली. "मग इतके दिवस..."

जिन्यात चपलांचा आवाज आला. वर्षाराणीनं खोकं पांघरुणाखाली सारलं.

"खिडकी दक्षिणेलाच काढ," ती हळू म्हणाली. "मी नकाशाला हो म्हटलं, की प्लॉट इकलाय हे त्यास्नी माझ्या तोंडावर सांगाय लागंल."