दहा वर्षांपुढचा ब्लॉक

अजिनाथचं रिचार्ज कालच संपलं होतं, तरी कडा गावातल्या खतदुकानावरच्या खोलीत त्याच्या लॅपटॉपवर आकडे येतच होते.

"नेट बंद हाय, मग हे कसं येतंय?" दिपालीनं, त्याच्या बायकोनं विचारलं.

"वेबसाइटचा पत्ता इचारला, तर तेवढं उत्तर अजून मिळतंय. मी वेबसाइटच्या नावाच्या जागी बिटकॉइनच्या ब्लॉकचा, म्हंजी त्यांच्या हिशेबाच्या वहीतल्या पानाचा नंबर टाकतो, उत्तरात तो ब्लॉकच येतो. एकदा ह्या ब्लॉकांच्या साखळीत गेलेलं कुणाला पुसता येत न्हाई, बघ."

बोलता बोलता चुकून पुढचा नंबर पडला. तो ब्लॉक अजून तयारच झाला नव्हता. तरी उत्तर आलं. आजची तारीख, दुपारचे दोन दहा, आणि तीन शब्द: 'दिपाली, कडी काढ.'

दोघांनी वळून पाहिलं. दार सताड उघडं होतं. घड्याळात दोन वाजले होते.

दर दहा मिनिटांना एक नवा ब्लॉक, असा हिशेब करून त्यानं हसत दहा वर्षांपुढचा नंबर टाकला. तारीख बदलली. शब्द तेच.

"दहा वर्सं कोंडून घालते की काय मी तुमाला?" म्हणत दिपाली खाली चहा आणायला गेली.

थोड्या वेळानं दार धाडकन आपटलं. बाहेरची कडी खळकन बसली. अजिनाथनं खांदा लावला. दार हललं नाही.

"दिपाली, कडी काढ!" तो ओरडला, आणि त्याची नजर घड्याळावर गेली. दोन दहा.

जिन्यावर पावलं वाजली. ती दाराशी थांबली नाहीत.

"आवो, चहा आणलाय," दिपालीचा आवाज खोलीतून, अगदी त्याच्या शेजारून आला. "दार उघडं टाकून कुठं गेलात तुमी?"