रुळांवरची मोजणी

मोजणीची वेळ संपत आली तरी पांगारकर साहेबांच्या वहीत एकही रेघ पडली नव्हती. इथून रोज किती माणसं आणि सायकली रूळ ओलांडतात ते मोजून भुयारी मार्ग हवा की नको हे ठरवायला ते सकाळी सातपासून रुळांशेजारी खुर्ची टाकून बसले होते.

लोक येत होते. सायकल खांद्यावर घेतलेला दूधवाला आला, शाळेच्या मुली आल्या, पदर खोचलेल्या बायका आल्या. पण पांढरा शर्ट आणि वही दिसली की सगळे सहज फिरायला आल्यासारखं करून मागे वळत.

"तुम्ही दंड करणारे वाटताय त्यांना, साहेब," शेजारची चहावाली हौसाबाई म्हणाली. "आता काय लिहिणार?"

"दिसलं तेच. इथून कुणी जात नाही, मार्गाची गरज नाही."

साहेबांनी वही मिटली. सकाळी सोडून गेलेली जीप आता येणार नव्हती आणि ऑफिस तर समोरच, रुळांपलीकडे दिसत होतं.

"पुलावरून किती लांब पडेल?" त्यांनी विचारलं.

"तीन किलोमीटर. रिक्षा इकडं येत नाही."

साहेबांनी डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं, पँट वर धरली आणि झपाझप रूळ ओलांडले.

पलीकडे पोचून वळतात तर काय, टपरीमागे थांबलेली अख्खी वस्ती त्यांच्या मागोमाग निघाली होती, दूधवाला सायकलसकट सगळ्यात पुढे.

साहेब तिथेच दगडावर बसले आणि त्यांनी पुन्हा वही उघडली. पहिली रेघ त्यांनी स्वतःची ओढली.