सगळ्यात पुढची खुर्ची

माझा नवरा सातुर्निनो उयुनीच्या मिठाच्या मैदानापासून वरच्या सरोवरांपर्यंत स्वस्तातल्या सहली नेतो. स्वयंपाक माझ्याकडे. जीप खिळखिळी, मुक्कामाला गरम पाणी नाही, तरी पाहुणे निघताना त्याच्या गळ्यात पडतात, ते फोटोंमुळे. त्या पांढऱ्याफेक मैदानात जवळचं-लांबचं कळत नाही. हा असा नेम धरतो, की लांबचा माणूस पुढच्याच्या तळहातावर उभा दिसतो.

लेकीच्या लग्नात फोटोग्राफर आलाच नाही. मग वऱ्हाड मैदानावर नेलं. जावयाची आई, ला पाझ शहरातली बडी बाई दोन्या कासिमिरा, ठेवणीतली गोल हॅट घालून सगळ्यात पुढे खुर्ची टाकून बसली.

"ड्रायव्हर काढणार होय फोटो? बरं, काढा. माझा मुलगा माझ्या शेजारी. सूनबाई, तू मागे हो."

नेलिदा मागे सरकली.

"अजून मागे! स्वयंपाकिणीच्या पोरीनं एवढं पुढे पुढे करू नये."

लेकीचा चेहरा लाल झाला. मी तोंड उघडणार, तेवढ्यात सातुर्निनोनं मोबाइल काढला आणि मिठात गुडघे टेकले.

"विहीणबाई म्हणतात तसं कर, पोरी. चांगली लांब जा. आणि विहीणबाई, तुम्ही अगदी हलू नका हं."



तो फोटो आता आमच्या बैठकीत लावलाय: विहीणबाई खुर्चीत ऐटीत बसल्यात, आणि त्यांच्या हॅटवर, कमरेवर हात ठेवून, आमची नेलिदा उभी आहे.